सात पॉइंट चार

"पाणी संतुलित आहे. पोहण्याचा मनमुराद आनंद घ्या," भिंतीवरची पेटी गोड आवाजात म्हणाली आणि विरूपाक्ष म्हमाण्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

कसलं डोंबलाचं संतुलित! गेटातून आत पाऊल टाकतानाच त्यांच्या नाकाला झोंबलं होतं. तळाच्या काळ्या पट्ट्या एरवी काठावरून मोजून घ्याव्यात अशा दिसायच्या, त्या आज ताकात बुडवल्यासारख्या दिसत होत्या. बायकोच्या भाचीचं विजापुरात लग्न, म्हणून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सलग चार दिवस रजा घेतली, आणि चार दिवसांत ह्या लोकांनी तलावाची ही दशा करून ठेवली. 'हे लोक' म्हणजे नेमके कोण, ते म्हमाण्यांनाही सांगता आलं नसतं. सोलापुरातल्या हुंडेकरी ट्रस्टच्या ह्या तलावावर त्यांच्याशिवाय दुसरा फिल्टर ऑपरेटरच नव्हता. त्यांच्या गैरहजेरीत पाण्यावर लक्ष ठेवायला होती ती फक्त पेटी.

"आलात का काका लग्न खाऊन?" लहान मुलांच्या बॅचची कोच अंजुम सय्यद तरातरा चालत आली. "चार दिवसांत अकरा पोरांचे डोळे लाल झालेत. आणि काल ओवीला दम लागला. नऊ वर्षांची पोर ती, ओठ निळे पडले होते. उचलून रिक्षात घातलं मी तिला."

"आता कशी आहे?"

"ऑक्सिजन काढलाय. उद्या सोडतो म्हणालेत. तिची आई मला काय काय बोलली ते सांगत नाही तुम्हाला." अंजुमनं हातातली काचेची नळी त्यांच्या नाकासमोर धरली. तपासणीचं औषध घातलेलं पाणी भडक लाल झालं होतं. "हे बघा. पीएच आठ पॉइंट तीन. आणि तुमच्या लेकीचं मशीन काय सांगायलंय? सात पॉइंट चार! चार दिवस सात पॉइंट चार! मी ऑफिसात जाऊन बोंबलले, तर प्रभुणे साहेब म्हणतात, मॅडम, मशीन हिरवं दाखवतंय, तुम्हीच परत एकदा बघा."

म्हमाण्यांनी नळीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. राग एका क्षणात उतरला. कारण ही गडबड कुठून आली असावी, ह्याचा त्यांना अंधुक अंदाज आला होता, आणि तो अंदाज त्यांना मुळीच आवडला नव्हता.

आधी पाणी. बाकीचं मग. त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. तलावात त्या वेळी दीडशे माणसं होती. गेल्या तीन वर्षांपासून सरकारनं मे महिन्यात दुपारची 'उष्मा-रजा' लागू केली होती. पारा सेहेचाळीसवर गेला की शाळा, कारखाने, कचेऱ्या बंद आणि अख्खं गाव पाण्यात. पोहणं हा आता छंद उरला नव्हता. त्यामुळे माणसं बाहेर यायला तयार होईनात. अंघोळ करून पाण्यात उतरा म्हणून पाटी लावून म्हमाणे थकले, पण डोक्याला घमघमीत तेल चोपडून थेट उडी मारणारे हे सद्गृहस्थ बाहेर निघताना मात्र कायदा सांगत होते.

"अहो, हिरवा दिवा आहे ना!" एकजण ओरडला.

"तुमचे डोळे कुठल्या रंगाचे झालेत ते बघा आरशात," म्हमाणे म्हणाले आणि पंप रूममध्ये गेले.

लोकांना वाटतं, उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं. म्हमाणे एकोणीस वर्षं सांगत होते की उलटं असतं. पाण्याच्या आम्लतेची एक पट्टी असते, शून्य ते चौदा. तिला पीएच म्हणतात. तलावाचं पाणी सात पॉइंट चारच्या आसपास असावं लागतं. माणसाच्या अश्रूंचा पीएच साधारण तेवढाच, म्हणून डोळ्यांना ते सोसतं. आणि तेवढ्यावर क्लोरीनही कामाचं राहतं. पीएच आठच्या वर गेला की तेच क्लोरीन, पाण्यात असूनसुद्धा, बरंचसं झोपी जातं. घाम, तेल, लघवी ह्यांना पुरतं जाळायची ताकद त्याच्यात उरत नाही, आणि अर्धवट जळल्यावर जे तयार होतं ते क्लोरामाइन. नाकाला झोंबतं, डोळ्यांना चावतं, दमेकऱ्याची छाती आवळतं ते हे. त्यात सोलापूरचं बोअरचं पाणी मुळातच जड. वरून क्लोरीनसाठी जे हायपो ओतायचं, तेही पीएच वर ढकलणारं. म्हणजे इथं रोज, आणि मे महिन्यात दिवसातून दोनदा, मोजून ऍसिड घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

बादलीत आधी पाणी, मग ऍसिड, मग काठाकाठानं सावकाश. म्हमाण्यांनी संध्याकाळपर्यंत चार फेऱ्या मारल्या. मध्ये ट्रस्टचे सेक्रेटरी प्रभुणे येऊन उभे राहिले.

"म्हमाणे, मशीननं सांगितलेलं नसताना तुम्ही ऍसिड घालताय?"

"होय."

"कोणाच्या परवानगीनं?"

"साहेब, पाण्यात हात घालून बोटं चोळून बघा. साबण लावल्यासारखी सरकायलीत की नाही?"

प्रभुण्यांनी हात घातला नाही. "सोमवारी राज्यातल्या चाळीस तलावांवर हे मशीन एकाच वेळी चालू व्हायचंय. तुमच्या मुलीचं मशीन. तुमच्या नोंदींवर शिकलेलं मशीन. सोहळा आपल्याकडे आहे. आणि तुम्हीच असं केलंत तर लोक काय म्हणतील?"

म्हमाण्यांनी पुढची बादली भरायला घेतली. तुमच्या नोंदींवर शिकलेलं. हेच तर ते काट्यासारखं मघापासून टोचत होतं.

नोंदींची गोष्ट अशी होती. नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी म्हमाण्यांनी रजिस्टरमध्ये खरं लिहिलं होतं: पीएच आठ पॉइंट एक. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या सेक्रेटरीनं बोलावून लेखी खुलासा मागितला. त्यांनी खुलासा दिला, पाणी दोन तासांत ठिकाणावर आणल्याचंही लिहिलं. मग खुलाशाचा खुलासा मागितला. मग तपासनीस आले आणि रजिस्टरावर बोट ठेवून तलाव दोन दिवस बंद करून गेले, खरं तर पाणी त्या घटकेला काचेसारखं होतं. म्हमाणे काय समजायचं ते समजले. पाण्याची काळजी पाण्यापाशी घ्यायची, रजिस्टर ऑफिससाठी असतं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ते चहा पिता पिता अख्ख्या आठवड्याचं रजिस्टर भरून टाकत. सकाळ, दुपार, संध्याकाळ: सात पॉइंट चार. कधी निळं पेन, कधी काळं, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. किती हायपो ओतलं, किती ऍसिड गेलं, किती माणसं आली, हे मात्र ते रोजच्या रोज आणि खरंखुरं लिहीत, कारण स्टॉक आणि तिकिटं तपासली जात.

ते आळशी नव्हते, हे इथं सांगायलाच हवं. पाण्यावरची तिरीप, बोटांवरचा बुळबुळीतपणा, सकाळचा वास ह्यांवरून ते पीएच इतका अचूक ओळखत की अंजुमनं पैज लावून तीनदा हार खाल्ली होती. एकोणीस वर्षांत त्यांच्या पाण्यानं एकाही पोराला त्रास दिला नव्हता. त्यांचं काम खरं होतं आणि नोंद खोटी होती, एवढंच. आणि ह्या दोहोंत काही विरोध आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

मग त्यांची लेक नीलांबिका, म्हणजे नीलू, मोठी झाली. रसायनशास्त्र शिकली, पुण्यात एका कंपनीत लागली आणि तिनं हे 'तोल' नावाचं यंत्र बनवायला घेतलं. उष्मा-रजेमुळे गावोगावी तलाव झाले होते, पण पाणी सांभाळणारी माणसं पुरत नव्हती. यंत्रानं पाण्यात बुडवलेल्या प्रोबनं स्वतः पीएच मोजावा, स्वतःच हायपो नि ऍसिड सोडावं. पण त्याला शिकवायला एखाद्या उत्तम सांभाळलेल्या तलावाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्या होत्या. त्या कुठे मिळतील हे नीलूला शोधावंच लागलं नाही. तिनं घरी येऊन एकोणीस वर्षांची रजिस्टरं गाडीत भरली. वीस हजारांवर नोंदी. म्हमाणे "कशाला गं, जुनी रद्दी ती" म्हणून दोनदा पुटपुटले. तिला तो विनय वाटला.

त्या संध्याकाळी त्यांनी नीलूला फोन लावला.

"नीलू, ते तुझं मशीन आठ पॉइंट तीनला सात पॉइंट चार म्हणायलंय."

"अप्पा, तो प्रोब जुना झाला असेल." तिच्या मागे माणसांची धावपळ ऐकू येत होती. "पाण्यात बुडवलेला प्रोब हळूहळू चुकीचं दाखवायला लागतो, सगळ्याच कंपन्यांचा. म्हणून तर तोल फक्त प्रोबवर विश्वास ठेवत नाही. तुमच्या नोंदींमधून त्यानं त्या पाण्याचा स्वभाव शिकलाय. उन्हाळ्यात चारशे माणसं येऊन गेली तरी तुमचं पाणी सात पॉइंट चार. दहा लिटर ऍसिड गेलं तरी सात पॉइंट चार. म्हणजे हे पाणी फार हलत नाही. मग प्रोब आठ पॉइंट तीन म्हणाला, तर तोल ओळखतं की प्रोबच बिघडलाय, आणि आकडा दुरुस्त करून घेतं. आठवतं ना, आठ महिने चाचणी चालू होती तेव्हा रोज दुपारी प्रोब वर चढायचा आणि दोननंतर आपोआप खाली यायचा? आम्ही त्याला 'दुपारचा भास' असं नावच दिलंय."

दुपारचा भास! आठ महिने, रोज दीड वाजता प्रभुणे जेवायला गेले की म्हमाणे जुन्या स्टॉकच्या कॅनमधलं ऍसिड जगमधून पाण्यात सोडत होते. पोरीचं यंत्र नवं आहे, अजून हात बसलेला नाही, थोडा आधार दिला तर काय बिघडलं, असं त्यांना वाटलं होतं. बापानंच आधार नाही द्यायचा तर कोणी? आणि त्या यंत्रानं त्यावरून शहाणपण काय शिकावं, तर प्रोब खोटं बोलतो!

"अप्पा? ऐकताय ना?"

"नीलू, त्या रजिस्टरमध्ये... एखादी चूक असू शकते की गं."

"एकही नाही," ती हसली. "वीस हजार नोंदी तपासल्यात मी. सोमवारच्या भाषणात मी काय म्हणणार आहे माहितीये? एका माणसाची एकोणीस वर्षांची शिस्त. तुमचा फोटो लावलाय मोठा. बरं, ठेवते, शनिवारी सकाळी येतेच आहे मी."

फोन ठेवल्यावर म्हमाण्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. मग यंत्राला. मग तेव्हाच्या त्या सेक्रेटरीला, जो केव्हाच वारला होता. त्यानं काही बरं वाटलं नाही. सोमवारपासून चाळीस तलावांवर हीच पेटी बसणार होती, ह्याच गोड आवाजात हेच सांगणार होती, आणि तिथं दुपारी दीड वाजता ऍसिडचा जग घेऊन उभं राहायला कोणी म्हमाणे नव्हता. प्रत्येक तलावात एखादी ओवी असणारच.

शुक्रवार त्यांनी नुसता चिडचिडण्यात घालवला. बायकोनं, महानंदाबाईंनी, भाकरी वाढली तर म्हणाले करपलीये, आमटी वाढली तर म्हणाले पांचट आहे. शेवटी त्या ताट सरकवून म्हणाल्या, "अहो, भांडायचं असेल तर ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याकडे जावा की. मला कशाला?"

"माझं माझ्याशीच आहे," म्हमाणे म्हणाले. महानंदाबाईंनी आमटीत मीठ घातलं.

शनिवारी नीलू बस स्टँडवरून थेट तलावावरच आली. तिला आधी ओवीकडे जायचं होतं, मग प्रोब बदलायचा होता, मग मांडववाल्याशी बोलायचं होतं. म्हमाण्यांनी तिला हाताला धरून पंप रूममध्ये नेलं आणि टेबलावर ह्या महिन्याचं रजिस्टर ठेवलं.

"आज तारीख किती?"

"वीस. का?"

"बावीस तारीख काढ."

तिनं पान उलटलं. बावीस तारखेसमोर तीन ओळी भरलेल्या होत्या. सकाळ सात पॉइंट चार, दुपार सात पॉइंट चार, संध्याकाळ सात पॉइंट चार. बापाचं अक्षर. निळं पेन.

नीलूनं आणखी पानं उलटली. रजिस्टर महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं. लग्नाला जायचं म्हणून म्हमाण्यांनी ह्या खेपेला एकदमच उरकून टाकलं होतं. विजापुरात ते पंगतीत बसले होते त्या चारही दिवसांची नोंद होती. ओवीचे ओठ निळे पडले त्या दुपारचीही होती.

"सगळी?" तिनं विचारलं.

"पीएचचा रकाना सगळा. बाकीचे रकाने खरे आहेत."

"एकोणीस वर्षं?"

"पहिले चार महिने सोडून."

म्हमाण्यांनी ठरवलं होतं की एकदा तोंड उघडलं की सगळंच सांगायचं, म्हणून त्यांनी दीड वाजताच्या ऍसिडचंही सांगितलं. नीलू स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट तिला उलगडत गेलेली दिसत होती, आणि म्हमाण्यांना ते बघवेना.

"मग पाणी चांगलं कसं राहायचं?"

"ते मी बघायचो की. नाकानं, हातानं."

"मग ते का नाही लिहिलंत, अप्पा!" ती एकदम ओरडली. "आठ पॉइंट एक होतं, मी सहा लिटर ऍसिड घातलं, मग सात पॉइंट चार झालं, एवढंच लिहायचं होतं! तुमच्या हाताला जे कळत होतं ते सगळं त्यात आलं असतं. जगातलं सगळ्यात हुशार मशीन झालं असतं ते. तुम्ही त्याला शिकवलंत काय, तर काहीही झालं तरी सगळं ठीक आहे म्हणायचं!"

म्हमाण्यांनी रजिस्टर मिटलं.

"माझ्या टीममधल्या एकानं विचारलं होतं मला," नीलू हळू आवाजात म्हणाली. "म्हणाला, हे आकडे जरा जास्तच सारखे आहेत, एवढं सारखं काही असत नाही. मी त्याला म्हटलं, तू माझ्या वडिलांना ओळखत नाहीस." तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग ती ताडकन उभी राहिली. "थांबा. फक्त तुमच्याच रजिस्टरवर नव्हते थांबले मी. बाकीच्या एकोणचाळीस तलावांच्या नोंदींशी ताडून बघितलं होतं. सत्त्याण्णव टक्के जुळलं होतं..."

ती बोलता बोलता थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हमाण्यांच्या तोंडून नकळत एक हसू निसटलं. नीलू हसली नाही, तेव्हा त्यांनी ते आवरलं.

रविवारी अकरा वाजता चाळीस तलावांच्या ऑपरेटरांची ऑनलाइन मीटिंग ठेवलेलीच होती; उद्घाटनाला पेटीजवळ कोणी कुठे उभं राहायचं ते सांगायला. नीलूनं बापाला कॅमेऱ्यासमोर बसवलं. शेजारी प्रभुणे नवा शर्ट घालून बसले होते. म्हमाण्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही.

"म्हमाणे!" प्रभुणे किंचाळले. "तुमच्यावर चौकशी समिती नेमायला लावीन मी!"

"नेमा साहेब."

पडद्यावर बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या चौकटी होत्या. कोणी टोपी नीट करत होतं, कोणी खाली काहीतरी शोधत होतं. अखेर विदर्भातल्या एका तलावावरचे धांडे नावाचे गृहस्थ खाकरले.

"आमच्या इथं सात पॉइंट दोन लिहितो आम्ही. मोठ्या साहेबाले सात पॉइंट दोन आवडते."

"मी एक दिवस आड सात पॉइंट तीन लिहिते," कोकणातल्या एक बाई म्हणाल्या. "सारखं एकच दिसलं तर बरं नाही वाटत ना."

"आमच्यात तर गेल्या वर्षीचं रजिस्टर बघून उतरवायचं," तिसरा म्हणाला. "पाणी मात्र चांगलं असतंय हां मॅडम. पाण्याला नाव ठेवायचं नाही."

मग धरण फुटल्यागत सगळेच बोलू लागले. कोणाला कधी मेमो मिळाला होता, कोणाचा पगार कापला होता, कोणाच्या तपासनीसाला फक्त हिरव्या शाईतले आकडे चालत. नीलू डोकं धरून ऐकत होती. राज्यभर पाणी सांभाळणारी माणसं होती आणि राज्यभर त्यांनी ते लपवून ठेवलं होतं. तिनं मायक्रोफोन ओढला.

"ऐका सगळे. कोणालाही खुलासा मागणार नाही मी. आत्ता उठा, पाण्याजवळ जा, मोजा आणि जे असेल ते मला सांगा. जे असेल ते."

वीस मिनिटांनी आकडे येऊ लागले. आठ पॉइंट दोन. सात पॉइंट नऊ. सहा पॉइंट आठ, आणि माफ करा मॅडम, काल ऍसिड जास्त पडलं. आठ पॉइंट चार. एकही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. म्हमाणेही उठून गेले, नळी भरली आणि मोठ्यानं म्हणाले, "सात पॉइंट सात." प्रभुणे मात्र कपाळाला हात लावून बसले होते, मांडव परत न्यायला सांगायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

सोहळा रद्द झाला. दुपारी नीलूला कंपनीतून फोन आला, तो ती गच्चीवर जाऊन बोलली. खाली येऊन एवढंच म्हणाली की पेट्या बंद ठेवल्यात, वर्षभर खऱ्या नोंदी जमवून पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलंय, आणि प्रमुख म्हणून दुसऱ्या कोणाला नेमतील. महानंदाबाईंनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली.

बस चारची होती. म्हमाणे तिला सोडायला गेले. स्टँडवरच्या त्या उन्हात त्यांना सारखं वाटत होतं की तिनं आणखी थोडं भांडावं, चार शब्द सुनवावेत. ती मुकाट्यानं बसमध्ये चढली, बॅग वर ठेवली, खिडकीशी बसली. म्हमाणे खाली खिडकीजवळ उभे राहिले.

"अप्पा, तुमची तब्येत कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी आहे की. मला काय धाड भरलीये?"

नीलू खिडकीतून पुढे वाकली. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, ती तपासत होती. लहानपणापासून ह्या पोरीनं त्यांचा एकही शब्द कधी तपासून घेतला नव्हता. अप्पा बरं म्हणाले म्हणजे बरं, विषय संपला. आता त्यांनी काही सांगितलं तरी ती अशीच बघणार, जन्मभर, हे त्यांना त्या खिडकीखाली उभं राहून कळलं. चौकशी समितीचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

ड्रायव्हर चढला. दार बंद व्हायची घंटी वाजू लागली.

"जिना चढताना छातीत दाटतं," म्हमाणे म्हणाले. "डाव्या हाताला मुंग्या येतात. कॅन उचलला की जास्त."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"नाही."

"आईला माहितीये?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

दोन-तीन आठवडे, हे म्हमाण्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाच महिने," ते म्हणाले.

नीलूनं बॅग खाली ओढली आणि दार बंद व्हायच्या आत ती उतरली.